बरणीवरची रेघ

राज्यांची फेररचना झाली आणि आदिलाबादच्या एका शाळेतल्या निजामाच्या काळातल्या प्राण्यांच्या बरण्या हैदराबादेला पाठवायचा हुकूम आला. प्राणिशास्त्राचे अनंतराव चिडले. त्यांतल्या एका बरणीतला तारामासा कुठल्याच ग्रंथात नव्हता. नवी जात म्हणून त्याचं वर्णन लिहायला आता आठवडाच उरला होता.

त्यात दोन दिवस सकाळी त्या बरणीतलं स्पिरिट कमी झालेलं दिसलं. शिपाई नागोरावच पितो, असं धरून त्यांनी पातळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि झाकण लाखेनं बंद केलं.

दुसऱ्या सकाळी लाख शाबूत होती. स्पिरिट मात्र रेघेच्या चार बोटं खाली.

"नागोराव, खरं सांगा!"

"देवाशपथ साहेब, म्या काऊन पिऊ? त्यात मेलेलं जनावर हाय."

दुपारी स्पिरिट रेघेच्या चार बोटं वर होतं. संध्याकाळी पुन्हा खाली.

अनंतरावांनी वेळा टिपल्या. चढ-उतार रोज पाऊण तास उशिरा. वर्णनात त्यांनी 'भरती' असा शब्द लिहिला आणि संतापून खोडला. समुद्र कुठे, आदिलाबाद कुठे! असलं लिहिलं तर त्यांची नवी जात कोण मानणार?

शेवटच्या दिवशी खोकी बांधून झाली. ती एकच बरणी टेबलावर होती. चहाला पाणी आणायला गेलेला नागोराव रिकामी बादली घेऊन परतला.

"साहेब, आपल्या इहिरीचं पाणी खारट काऊन लागून राह्यलं? अन् सकाळी तळ दिसे, आता वरची पायरी बुडाली."

अनंतरावांनी बरणीकडे पाहिलं. स्पिरिट अजून चढतच होतं.