भिंतीतलं दार

उपासनेत ऑर्गन वाजवायचा की नाही, यावरून त्या जुन्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मंडळीत उभी फूट पडली. कोणीच मागे हटेना, तेव्हा पंचांनी चर्चच्या मधोमध भिंत घालायचं ठरवलं. काम मंडळीतल्याच गवंड्याला दिलं.

शनिवारी मुख्य पंच बघायला आले, तर भिंतीत माणूस जाईल एवढं दार!

"हे कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही. माझी बायको ऑर्गनवाल्यांत आहे. बावीस वर्षं एका बाकावर बसतोय आम्ही."

"बुजवून टाक."

"मी नाही बुजवणार. दुसरा गवंडी आणा."

"मंडळीतून नाव काढून टाकीन तुझं!"

"काढा. उद्या उपासनेला मी येणारच."

दुसऱ्या दिवशी रविवार, देवाने नेमलेला विश्रांतीचा दिवस. विटेला हात लावायची सोय नव्हती. मुख्य पंच धुमसत पहिल्या बाकावर बसले. तेवढ्यात भिंतीपलीकडून, फूट पडल्यापासून त्यांच्याशी अबोला धरलेली त्यांची आई काठी टेकत दारातून आली.

"सरक जरा," ती म्हणाली. "आणि त्या गवंड्याला सांग, उंबरा थोडा खाली घे म्हणावं. मला दर रविवारी यायचंय."