आढाव्यांच्या तळाशी

चालण्याने शोक हलका होतो, असं सांगणारे संशोधनांचे बरेच आढावे जमवून तो त्यांचाच एक आढावा लिहीत होता. बायको गेल्यापासून तोही रोज चालत होता, एकटाच. पण उरावरचं ओझं तसूभर हललं नव्हतं. शेजारी बसून संदर्भ ताडून बघणारी मेहुणी एकदम ओरडली, “भावोजी, सगळे आढावे एकाच अभ्यासावर उभे आहेत! आणि तो ताईचा! पण माणसं एकटीच चालायची की कुणाबरोबर, ते तिने लिहिलेलंच नाही.” त्याला घरी दाराशी अजून ठेवलेले बायकोचे झिजलेले बूट आठवले. “चालायचं लोकांनी, बूट तुझे कसे झिजतात?” तिचा तो अभ्यास चालू असताना त्याने एकदा चिडवलं होतं. “अहो, त्यांना एकटं कसं चालायला लावू? मी असते की बरोबर,” ती म्हणाली होती. त्याने समोरचे कागद बाजूला सारले. मग मेहुणीला म्हणाला, “चालायला येतेस माझ्याबरोबर?”