बुडबुडा

कातळावर पहार बसली, भोक पडलं आणि आतल्या पोकळीत पांढरे स्फटिक चमकले. विहिरीच्या तळाशी एकटा असलेला यल्लाप्पा हरखला.

विहीर गुरुजींची. भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींनी सकाळीच सांगितलं होतं, “हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. त्यातला बुडबुडा वर यायला धडपडतो, तेवढ्यात दगड घट्ट होतो. मग त्या पोकळीत पाणी झिरपतं, क्षार साचतात आणि स्फटिक वाढतात.”

“म्हंजी बुडबुडा आतच मेला की!” यल्लाप्पा हसला होता.

आता त्या भोकातून पाण्याचा लोट आला. बघता बघता कंबर बुडाली, मग छाती. क्रेनची बादली दगड घेऊन वर गेलेली. जन्मभर विहिरी खणल्या, पण पोहायला यल्लाप्पा कधी शिकलाच नव्हता. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, “बादली सोडा!”

“पाणी लागलं! यल्लाप्पासुद्धा ओरडतोय बघा आनंदानं!” वरून गुरुजींचा आवाज आला. नारळ फुटला, हलगी कडाडली.

पाणी हनुवटीला लागलं. यल्लाप्पानं मान वर करून पुन्हा हाक मारली, तेव्हा उघड्या तोंडात मूठभर गुलाल पडला.