एकतीस मार्चपर्यंत ठीक

"आत्ताच्या आत्ता पाहिजे, मॅडम," असं म्हणत त्या माणसाने लॅपटॉप काउंटरवर ठेवला. बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही, चार्जर लावूनही ढिम्म. प्रतिभाला असल्या घाईची सवय होती. वर्षभर एक कॉपी काढून ठेवायची नाही आणि लॅपटॉप बंद पडला की रडवेलं तोंड करून दुकानात यायचं, हा तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा शिरस्ता. हा मात्र रडवेला नव्हता. ऐन जानेवारीत त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"नाव काय लिहू?"

"मनोज. सेफ्टी ऑफिसर." पुढे त्याने अंबडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचं नाव सांगितलं.

प्रतिभाचा नवरा गोरक्ष त्याच कंपनीत पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर होता. आज त्याची सेकंड शिफ्ट. दोन वाजता डबा घेऊन निघाला होता, आता सव्वाचार होत आले होते. सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण तेवढ्यात मनोजचा फोन वाजला. "हो साहेब, बसलोय इथेच. होतंय," तो हळू आवाजात म्हणाला. त्याचं तोंड बघून तिने ओळख काढायचा विचार सोडून दिला.

तिने स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली आणि स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. फोल्डर दिसायला लागले.

"बोर्ड गेलाय. डेटा सगळा आहे."

"देव पावला. मला एकच फाईल पाहिजे. प्रेसची रोज तपासणी होते, त्याची."

फाईल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी ती उघडून शेवटपर्यंत बघायची, ही प्रतिभाची पद्धत होती. अर्धवट निघालेली फाईल दिली की मग शिव्या तिलाच बसायच्या. तिने बघायला सुरुवात केली. तारीख, प्रेसचा नंबर, सेन्सर, शेरा. ठीक, ठीक, ठीक. आजची तारीख मागे पडली तरी ओळी संपेनात. फेब्रुवारी आला, मार्च आला. एकतीस मार्चपर्यंत सगळे प्रेस ठीक होते. तिला स्वतःच्याच कामाचा राग आला.

"सर, फाईल खराब झालीय. पुढच्या तारखा घुसल्यात. थांबा, परत काढते."

"खराब नाही हो. एप्रिलमध्येच वर्षाचं भरून ठेवतो मी. रोज कोण लिहीत बसणार?"

वर्षाचे गहू भरून ठेवल्याचं सांगावं, तितक्या सहज तो हे बोलून गेला.

परवाच गोरक्ष जेवता जेवता म्हणाला होता, "सहा नंबरचा सेन्सर मेलाय. हात आत असला तरी प्रेस खाली येतो. सांगितलं, तर म्हणे ऑर्डर निघू दे, मग बघू. लय घाई हाय त्यांना." जाऊ नका म्हटलं, तर हसला होता. नाय गेलो तर उद्या दुसरा उभा करतील, म्हणाला होता. ती आजच्या तारखेवर परत आली. प्रेस नंबर सहा. सेन्सर ठीक.

"सर, सहा नंबर खरंच ठीक आहे का?"

मनोज स्टूल ओढून जवळ आला.

"तेवढीच ओळ बदलायचीय. आजची नाही, कालची. शेऱ्यात लिहा, ऑपरेटरने स्वतः सेन्सर बंद केला, तोंडी समज दिली. आणि फाईलची तारीख कालचीच दिसली पाहिजे. तुम्हाला जमतं ना ते? संध्याकाळी सरकारी माणसं यायचीत, त्यांना दाखवायचीय. मी साहेबांना सांगतो, कंपनीची सगळी कामं मग तुमच्याकडेच."

कालच्या ओळीत हे आज का लिहायचं, ते कळायला प्रतिभाला वेळ लागला नाही. सहा नंबरवर आज कोणाला तरी लागलं होतं आणि दोष त्याच्यावरच ढकलायचा होता. तरी सहा नंबरवर आज दुसरं कोणी असेल, शिफ्टला माणसं बदलतात, असं ती मनाला सांगत होती. तिने बोटं की-बोर्डवर ठेवली.

"ऑपरेटरचं नाव?"

मनोजने फोनवरचा मेसेज उघडला. नाव त्याला पाठ नव्हतं.

"गोरक्ष घोटेकर. लिहून देऊ?"

"नको."

तिने केबल उपटली. पडद्यावरची फाईल गेली. डिस्क तिने मुठीत घट्ट धरली आणि उठली.

"माझा नवरा आहे तो. कुठल्या दवाखान्यात नेलंय ह्यांना?"

मनोजचा हात डिस्क घ्यायला पुढे आला होता, तो तसाच राहिला. फोन पुन्हा वाजायला लागला, पण त्याने तो उचलला नाही.

"अजून नेलं नाही," तो म्हणाला. "हात आतच आहे. प्रेस वर येत नाहीये."