करंजाचं म्हणणं

सोसायटीचे सचिव पाळंदे एका करंजाच्या झाडापुढे हरले. पण असं काही घडलंच नाही, असं ते स्वतः सांगतात, तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

झाड तोडण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेणं कायद्याने सक्तीचं झालं होतं. पाळंद्यांना त्या जागी गाडी लावायची होती. त्यांनी खोडाला भाषांतरयंत्र बांधलं, ‘तोडू का?’ असं विचारलं आणि खुर्ची टाकून बसले.

झाडं एका ऋतूत एकच शब्द बोलतात, हे त्यांना मागाहून कळलं. पावसाळ्यात शब्द आला, ‘जरा’. हिवाळ्यात आला, ‘थांबा’. मग पानं गळाली, कोवळी पालवी फुटली, खुर्चीवर फुलांचा सडा पडला आणि भर उन्हाळ्यात, गार सावलीत, तिसरा शब्द आला, ‘सांगतो’.

“अहो, माझं कधी एवढं ऐकलंत?” सुमतीबाईंनी गॅलरीतून विचारलं.

“हळू बोल,” पाळंदे म्हणाले. “त्याची लिंक तुटेल.”

त्याच संध्याकाळी त्यांनी वृक्ष अधिकाऱ्यांना अर्ज केला: ‘सुनावणी पूर्ण होईपर्यंत वृक्षतोड स्थगित ठेवावी, व सदर वृक्षाचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकता यावे इतके आयुष्य अर्जदारास मंजूर करावे, ही नम्र विनंती.’