पातळ पत्ती

थोरल्या भाचीचं लग्न झालं, त्या सालची गोष्ट. लग्नाला पाच दिवस राहिले असताना भाऊजी, म्हणजे नवरीचे वडील, आपलं क्लॅरिनेट घेऊन मेहुण्याच्या दुकानात आले. आठवड्यात तिसऱ्यांदा.

"मेहुणे, अजून गळतंय, हवा निसटते. लांब सूर धरला की मध्येच तुटतो. बायकोच्या भावाकडे काम दिलं की असंच व्हायचं!"

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या मेहुण्यानं सगळे जोड सुटे केले. भोकं झाकणाऱ्या एकेका गादीखाली पातळ कागद सरकवून ओढला. कुठेच सैल सुटला नाही. भोकं झाकून, खालचं टोक दाबून, वरून हवा ओढून पाहिली. वाद्य घट्ट होतं.

जोडून त्यानं स्वतः सगळ्यांत खालचा सूर धरला. घड्याळात अर्धं मिनिट झालं तरी सूर हलला नाही.

"आता तुम्ही."

भाऊजींचा सूर दहाव्या सेकंदाला तुटला. ओठ जांभळे पडले होते.

"बघितलंत? गळतंय!"

मेहुणा त्यांच्याकडे बघतच राहिला. दुकानात पेटी होती, तिला भाता होता. व्हायोलिन होतं, त्याला गज होता. क्लॅरिनेटला माणसाची छातीच लागते.

"भाऊजी, वाद्य तर..."

"का, मीच गळतोय म्हणता?" भाऊजी हसले. हसता हसता ठसका लागला, तो थांबेना. "पोरीला वाजवत निरोप द्यायचाय हो मला. दुसरं काय येतं मला?"

मेहुण्यानं मनाशी म्हटलं, लग्न होऊ दे, मग सांगू.

"बारीक भेग होती. सापडली. पाणी पिऊन या."

भाऊजी आत गेले. मेहुण्यानं वाद्याच्या तोंडाशी बसणारी, फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी त्यांची तीन नंबरची जाड पत्ती काढून शिकाऊ पोरांची दीड नंबरची बसवली. पातळ, फुंकर घातली तरी बोलणारी. पाठीवरचा आकडा पॉलिश कागदानं घासून टाकला.

लग्नात भाऊजी तासभर वाजवत होते. एकही सूर तुटला नाही.

बहिणीनं भावाचा हात धरला. "तुझ्या हाताला यश आहे रे. मी डॉक्टरांची वेळ घेतली होती. हे म्हणाले, दोष वाद्यातच होता, मेहुण्यानं काढला. रद्दच केली."



भाऊजी त्यानंतर एकोणीस दिवसांनी गेले. शुक्रवारी, सकाळी साडेनऊला.