मेहुण्याची तयारी

मेहुण्याने नव्या सायकलचा पुढचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला. मग मागचा. मग पुन्हा पुढचा. न जाणो, तेवढ्यात टायरचा विचार बदलला असला तर! पायरीवर चहा घेऊन बसलेला दादा नाकातल्या नाकात हसला.

दादा म्हणजे मेहुण्याच्या बायकोचा थोरला भाऊ. डोंगरात सायकल पिटाळून पोटऱ्या दगडासारख्या झालेला. त्याची स्वतःची सायकल फाटकापाशी केव्हाची तयार उभी होती. आणि हा? चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसणारा. माणूस डोंगरावर निघालाय की सायकलला बोहल्यावर चढवतोय, तेच कळेना. अंगणात चादर अंथरून त्याने पंप, जादा ट्यूब, पान्हे, मलमपट्टीची पेटी असा सगळा संसार मांडला होता आणि एकेका वस्तूला हात लावत ओठ हलवत होता.

"काय जावईबापू, मंत्र चाललाय का?"

"नाही हो दादा. काही राहायला नको, एवढंच."

हातमोजे तर बहाद्दराने चक्क लहान आणले होते. अर्धा तळहात आत, अर्धा बाहेर, तरी स्वारी खुशीत मान डोलावत होती. सीट एवढी खाली घेतली होती की पॅडल मारताना गुडघे हनुवटीला लागावेत. दादाने कपात फुंकर मारली. ज्याला स्वतःच्या पंजाचं माप कळत नाही, त्याच्यापुढे शब्द कशाला वाया घालवा? एवढ्या मोठ्या जगात आपल्या बहिणीला हेच ध्यान कसं सापडलं, हे कोडं त्याला लग्नाच्या दिवसापासून सुटलं नव्हतं.

मग मेहुण्याने तेलाच्या फवाऱ्याची बाटली उचलली. चेनवर तेल मारलं, इथवर ठीक. पण पुढे त्याची नजर गेली चाकाच्या मध्यावरच्या पोलादी चकतीवर. ती जराशी मळकट होती, आणि मळकट म्हटलं की या माणसाचा हात कुठला थांबायला! त्याने दोन्ही चाकांच्या चकत्यांवर फुसफुस तेल मारलं, खिशातलं मऊ फडकं काढलं आणि भिंगं पुसावीत तशा हळुवार पुसल्या. आरशासारख्या लखलखल्या.

दादाचा कप ओठांशीच थांबला. ब्रेक त्या चकतीलाच चिमटीत धरतो. तिला तेल लागलं की ब्रेक दाबला काय, न दाबला काय. अंगणात हे कळणारही नाही. कळेल ते वर, उताराला लागल्यावर, दरीकडेच्या वळणावर.

एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही. दादाने ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. पडू दे. हात मोडेल, नाक फुटेल. कुणाच्या गळ्यात माळ घातली ते बहिणीला तरी कळेल. आणि त्याहून काही जास्त झालं तर? तो विचार मनाच्या दारात येऊन उभा राहिला. दादाने त्याला आत बोलावलं नाही. पण हाकललंही नाही.

"दादा, राहिलं नाही ना काही?"

"छे! आता फक्त अत्तर लावा."

तेवढ्यात बहीण बाहेर आली. डोक्यावर हेल्मेट. चादरीवरचे हातमोजे उचलून तिने चढवले. ते बेतून शिवल्यासारखे बसले.

"चल दादा, आज मी येणार तुझ्याबरोबर. गाडी घेऊन खाली थांबायचं काम यांचं."

"नवी सायकल हिचीच आहे," मेहुणा लाजत म्हणाला. "तुम्हाला आधी सांगायचं नाही, अशी तंबी होती."

ती सीटवर बसली. पाय अलगद जमिनीला टेकले. तिने पॅडलवर पाय ठेवला मात्र, आणि दादा पायरीवरून झेपावला. हँडल दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"उतर! आधी उतर खाली. ब्रेक लागणार नाहीत. चकत्यांना तेल लागलंय."

ती उतरली. वाकून तिने चकतीवरून बोट फिरवलं. मोज्याच्या टोकाला तेल लागलं. तिने पायरीकडे पाहिलं, तिथल्या संपलेल्या कपाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"दादा, तू केव्हाचा बसलायस इथे?"

दादाने हँडल सोडलं. 

मेहुण्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातातलं फडकं तसंच घट्ट धरून तो बायकोवर पहिल्यांदाच चिडला.

"अगं, त्यांना कशाला विचारतेस? चूक माझी आहे. त्यांना दिसलं असतं, तर ते बोलले नसते का?"